जुनी स्पोर्ट्स कार घरीच उभी करायची, तर आधी काय खोलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरच्या दशकातली, टप उघडणारी दोन आसनी एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची गाडी) मिळते आहे. कित्येक वर्षं एका जागी उभी आहे. इंजिन हातानं फिरतं, पण सुरू करून कुणी पाहिलेलं नाही. खाली गंज 'थोडासा' आहे, असं विकणारा सांगतो. घेणाऱ्याकडे बंद गॅरेज आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत, पान्यांचा बरा संच आहे, वेल्डिंग मात्र येत नाही. गाडी नट-बोल्टापर्यंत खोलून, सांगाडा रंगवून, एकेक भाग नवा करत जोडत न्यावी का? आणि इंजिन आधी की बॉडी?

पूर्ण खोलू नका. आधी पत्रा तपासा, मग ब्रेक, मग इंजिन. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी.

घरी हाती घेतलेल्या गाड्या अर्धवट का राहतात, याचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे. लोक सुरुवातीच्या उत्साहात सगळी गाडी सुटी करतात. खोलायला कौशल्य लागत नाही, दर आठवड्याला काहीतरी मोठं निघालेलं दिसतं आणि काम झपाट्यानं चाललंय असं वाटतं. मग एके दिवशी गॅरेजमध्ये चाकं नसलेला सांगाडा आणि भिंतीला लागून पन्नास खोकी उरतात. आता जोडायचं म्हटलं की प्रत्येक भाग साफ करायचा, तपासायचा, नवा मागवायचा किंवा दुरुस्त करायचा, आणि त्यातलं काहीही केलं तरी गाडी कालच्याइतकीच दूर दिसते. 'सगळे पार्ट आहेत, फक्त जोडायची आहे' अशा जाहिराती येतात त्या इथून. अशी खोक्यातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नवशिक्यानं घेऊ नये. ब्रॅकेट, क्लिपा, खास लांबीचे बोल्ट यातलं काय हरवलंय ते तुम्हाला कळणार नाही, कारण ती गाडी जोडलेली असताना तुम्ही पाहिलेलीच नाही.

म्हणून माझा नियम असा: एका वेळी एकच व्यवस्था खोलायची, ती पूर्ण करून परत जोडायची, मगच दुसरीला हात लावायचा. ब्रेक खोलले असतील तर डॅशबोर्डला पाना लागता कामा नये. गाडी शक्यतो सतत चाकांवर, ढकलता येईल अशी राहिली पाहिजे. याला अपवाद एकच, सांगाडाच सडलेला असणं.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी बनत होती आणि जीटी, म्हणजे तिची पक्क्या छपराची आवृत्ती, धरून पाच लाखांहून जास्त बनल्या. आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, एमजीबीला नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. छप्पर नसलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं काम मुख्यतः दारांखालच्या दोन सिल करतात. बाहेरून दिसतो तो सिलचा फक्त एक पत्रा. त्याच्या आत उभा पडदा असतो, आतल्या बाजूला फरशीला जोडलेला पत्रा असतो आणि खाली कंगोऱ्यांची पट्टी असते. या सगळ्यांची मिळून बंद नळी होते आणि ताकद त्या नळीत असते. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत, दाराच्या बिजागरीखाली साठतो, ओला राहतो आणि सिलचं पुढचं टोक आतून खातो. बाहेरून रंगावर दोन फोड दिसतात तेव्हा आतला पडदा बहुधा गेलेला असतो. 'थोडासा गंज' ही भाषा त्यामुळे मला मान्य नाही. दिसणारा गंज थोडासा असू शकतो, तेवढंच.

तपासणी कशी करायची? दार उघडून-लावून बघा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहा. मग गाडीची ती बाजू जॅकवर हळूहळू उचला आणि पुन्हा दार उघडा. फट वर आवळली, दार घासलं किंवा कुलपात अडकलं, तर गाडी मधोमध वाकते आहे, म्हणजे सिलमध्ये ताकद उरलेली नाही. जॅक लावायच्या जागीच पत्रा चुरगळला तर पुढची तपासणी करायची गरज नाही. नंतर गालिचे उचला आणि फरशी व सिलच्या सांध्यावर बोथट स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बॉडीला बसतात ती जागा पाहा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांना आसनांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्या पेट्यांमध्ये आम्ल सांडून गंज लागतो, आणि त्या पाट्यांच्या जागेपासून लांब नसतात. कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक विंगच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. नव्यानं रंगवलेली आणि खालून काळ्या डांबरी लेपानं झाकलेली गाडी मी जास्त संशयानं बघतो. उघडा गंज निदान खोटं बोलत नाही.

हीच गाडी घ्यायची असं ठरलेलं नसेल तर प्रत्येक मॉडेलची दुखरी जागा वेगळी असते हे ध्यानात ठेवा. ट्रायम्फ स्पिटफायरला वेगळी चॅसी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तिच्या चॅसीला बाजूच्या तुळया नाहीत. मधल्या कण्याला ताकद सिलच देतात, त्यामुळे तिथेही तपासणी तीच. डॅट्सन २४०झेडमध्ये बॅटरीखालचा पत्रा आणि फरशीखालच्या तुळया पाहायच्या. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये टपावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि मागच्या चाकांपुढची सिल आतून सडते. पोर्श ९४४ मध्ये मला आधी पत्र्यापेक्षा टायमिंग बेल्टची चिंता वाटते. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असं धरायचं आणि आधी बदलूनच इंजिन फिरवायचं.

सुट्या भागांच्या बाबतीत एमजीबी घेणारा नशीबवान आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून तिची आख्खी नवी बॉडीसुद्धा मूळ साच्यांवर बनवते आहे. दुर्मिळ गाडीची एक काच किंवा एक दिव्याची चौकट शोधण्यात वर्ष जातं. पहिलीच गाडी असेल तर लाखोंनी बनलेली घ्या. वेगळेपणाची हौस दुसऱ्या गाडीला भागवता येते.

सिल बदलायच्या आहेत असं निघालं, तर ते काम घाईचं नाही. मोठी चूक होते ती गाडी स्टँडवर कशीही टेकवून सिल कापण्यात. कापल्यावर सांगाडा वाकतो, त्याच वाकड्या स्थितीत नवी सिल वेल्ड होते आणि मग दारं आयुष्यभर बसत नाहीत. गाडी पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागच्या अ‍ॅक्सलखाली आधार देऊन सपाट ठेवा, म्हणजे वजन रस्त्यावर असतं तसंच पडेल. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी चौकोनी नळीचा आडवा-तिरपा आधार बोल्टनं किंवा वेल्डनं पक्का करा. शक्य असेल तर तो असा लावा की दार लावून बघता येईल. एका वेळी एकच बाजू कापा. जुने स्पॉट वेल्ड खास ड्रिलनं वरच्या पत्र्यापुरते काढा, खालचा पत्रा भोसकू नका. नवा पत्रा क्लॅम्पनं धरा, पुढची विंग आणि दार तात्पुरतं बसवा, फटी बघा, मोजमापं दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा आणि मगच वेल्डिंग सुरू करा. हे बसवून बघणं वेल्डिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळ खातं, आणि खायलाच हवं.

वेल्डिंग शिकता येतं. गाडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर असतो. त्याला मिग मशीन (तार आपोआप पुढे सोडणारं वेल्डिंग यंत्र), ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लागतं. गॅसशिवाय चालणाऱ्या तारेनं पातळ पत्र्यावर ठिणग्या आणि भोकंच जास्त मिळतात, माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. रंग, गंज, जस्त सगळं काढून चकचकीत धातूवरच टाका मारा. लांब शिवण एका दमात ओढली की पत्रा तापून लाटा उठतात. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, असं उड्या मारत, मध्ये थंड होऊ देत भरत जायचं. जिथे कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्यात भोक पाडून ते भरायचं. आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सराव करा, तुकडे व्हाइसमध्ये धरून हातोडीनं फाडून बघा. पत्रा फाटला आणि टाका टिकला, की हात तयार झाला. तोवर फरशीचे छोटे ठिगळ, बॅटरीची पेटी अशी कामं करा आणि सिल अनुभवी वेल्डरकडून करून घ्या. सगळी तयारी, म्हणजे खोलणं, कापणं, घासणं, बसवून बघणं, तुम्हीच करा. एकूण कामात मोठा वाटा त्याचाच असतो. सिल बंद झाल्यावर, रंग झाल्यानंतर, आत पोकळीसाठीचं मेण फवारायचं. ते राहून गेलं तर नवी सिलही आतूनच सडायला लागते.

इथे सुरक्षेचं बोलतो, कारण या छंदात माणसं खरंच मरतात. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. स्टँड लावायचे, काढलेलं चाकही सिलखाली सरकवून ठेवायचं आणि आत जाण्याआधी गाडीला जोरात हलवून बघायचं. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर न्यायची, बॅटरी सोडायची, गालिचे आणि आसनं काढायची, अग्निशामक हाताशी ठेवायचा आणि काम संपल्यावर तासभर तिथंच थांबायचं. धुमसणारं फेल्ट उशिरा पेट घेतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, तिला घरी वेल्ड करायचं नाही. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पत्रा पुसून लगेच वेल्ड केलं तर उष्णतेनं फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जुन्या ब्रेक लायनिंग आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोतानं उडवायची नाही. मास्क लावून ती ओली करायची आणि पुसून घ्यायची.

सांगाडा ठीक आहे असं धरू आणि ब्रेककडे येऊ. उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेकमधलं काहीही जुनं वापरू नये, असं मी ठामपणे म्हणतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यानं मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात, पिस्टन अडकतात. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून सुजून बंद होतात. मग पेडल दाबलं की दाब पुढे जातो, पण सोडल्यावर परत येत नाही, चाक धरून राहतं आणि तापतं. लोक कॅलिपर बदलत बसतात, दोष होजमध्ये असतो. सगळे होज, सिलिंडरमधले रबरी सील, गंजलेले पाइप बदला. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप वाकवायला सोपे आणि गंजत नाहीत. पाइपच्या टोकाचा फुगीर आकार मूळ भागाशी जुळतो का ते बघा, आकार चुकला की कितीही आवळा, गळतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल भरलं तर दर दोन वर्षांनी बदलायचं आणि रंगावर सांडलं तर ताबडतोब पाण्यानं धुवायचं. सिलिकॉनचं डॉट ५ हे वेगळं रसायन आहे, दोन्ही एकत्र करायची नाहीत.

टायरचंही आत्ताच बघा. कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २००० पूर्वीच्या टायरवर आकडे तीनच असतात, तसा टायर फक्त गाडी ढकलण्यापुरता. दहा वर्षं ओलांडलेला टायर, नक्षी कितीही खोल असली तरी, गेला. तारांची चाकं असतील तर मधला नट डाव्या आणि उजव्या बाजूला उलट आट्यांचा असतो. हब किंवा अ‍ॅक्सल बसवताना बाजूंची अदलाबदल झाली, तर चालता चालता नट सैल होत जातो.

आता इंजिन. हातानं फिरतंय ही चांगली बातमी. तरी लगेच स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, एक-दोन दिवस जाऊ द्या आणि पुढच्या पुलीच्या बोल्टावर पाना लावून हळूहळू दोन फेरे द्या. कुठे अडलं तर जोर करायचा नाही, कारण शोधायचं. जुनं तेल काढा, फिल्टर बदला, नवं तेल भरा. जुनं पेट्रोल टाकीतच असू द्या, इंजिनाकडे येऊ देऊ नका. ते डिंकासारखं झालेलं असतं आणि कार्ब्युरेटरच्या जेट बंद करतं. पहिल्यांदा सुरू करताना छोट्या, झाकण घट्ट बसणाऱ्या वेगळ्या डब्यातून ताजं पेट्रोल द्यायचं. सगळे रबरी पेट्रोल पाइप बदलायचे. इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर फुगवतं आणि फोडतं, त्यामुळे नवे पाइप इथॅनॉल चालेल असे घ्या. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल हे जुन्या गाड्या जळण्याचं नेहमीचं कारण आहे.

प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टरनं इंजिन फिरवा, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. तो हलला की मगच प्लग लावा. या काळातल्या एमजीबीला सहसा दोन एसयू कार्ब्युरेटर असतात, उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या १९७५ पासूनच्या गाड्यांना मात्र एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग असे. एसयूचा पिस्टन बोटानं उचलून सोडला तर टक् असा धातूचा आवाज करत खाली बसला पाहिजे. अडखळला तर आतली सुई जेटला घासते आहे. वरच्या नळीत पातळ तेल लागतं, ते नसेल तर वेग वाढवताना इंजिन अडखळतं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करा, फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. एवढ्यावर बहुतेक उभी इंजिनं बोलायला लागतात.

सुरू झाल्यावर लगेच ते खोलायचं की नाही हे ठरवू नका. गरम करून कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून परत मोजा. वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट. स्पिटफायर असेल तर आणखी एक गोष्ट: कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची पुली पुढेमागे सरकते का ते बघा. डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल तर क्रँकच्या थ्रस्ट वायसर झिजल्या आहेत. त्या खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात) पडल्या तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात.

तेलाचा दाब बरा असेल, कॉम्प्रेशन सारखं असेल, निळा धूर नसेल, तर इंजिन जसं आहे तसं वापरा. 'उघडलंच आहे तर सगळं नवं करू' हा मोह प्रत्येकाला होतो, पण मुळात उघडायची गरज होती का, हे आधी विचारायचं. उघडावंच लागलं तर दोन गोष्टी. त्या काळातली हेडं शिसंयुक्त पेट्रोलसाठी होती, आता ते मिळत नाही, म्हणून हेड काढलेलं असतानाच एक्झॉस्टच्या बाजूला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. आणि नवा कॅम, नवे टॅपेट घातले तर पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर इंजिन मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं चालवायचं, संथ सोडायचं नाही. कमी वेगात कॅमच्या टोकांना तेल पुरत नाही आणि ती पहिल्या काही मिनिटांतच झिजतात. तेलही जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घ्यायचं, आजची बरीचशी तेलं रोलर टॅपेटच्या इंजिनांसाठी असतात.

वायरिंगला लोक विनाकारण घाबरतात. ब्रिटिश गाड्यांमधला लुकास या कंपनीचा वायरींच्या रंगांचा संकेत एकदा पाठ झाला की अर्धं काम झालं: तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर, हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून, जांभळी म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थ. दिवे मंद, इंडिकेटर एकमेकांत मिसळून लुकलुकतात, पेट्रोलचा काटा नाचतो, असलं काहीही असलं तर आधी अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत करा. निम्म्याहून जास्त दोष तिथेच संपतात. मधल्या मालकानं घातलेल्या, संकेतात न बसणाऱ्या वायरी आणि दाबून बसवलेले निळे प्लास्टिकचे जोड दिसले की त्यांचा माग काढा, गोंधळ बहुतेक तिथेच असतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. तशी गाडी असेल तर नवं काही इलेक्ट्रॉनिक जोडण्याआधी दोनदा बघा.

अवजारांत एक बारकावा असा की जुन्या गाडीचे आटे तिच्या देशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात. एमजीबीला इंचातले पाने लागतात, मेट्रिक पाना 'जवळपास' बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून सोडतो. जपानी गाड्यांच्या स्क्रूंवरची फुली दिसायला फिलिप्ससारखी असली तरी वेगळ्या मापाची असते. त्यासाठीचे जिस (जपानी मानकाचे) स्क्रूड्रायव्हर वेगळे मिळतात, कार्ब्युरेटरचे स्क्रू वाचवायचे असतील तर ते घ्याच. अडकलेल्या नटाला भेदक तेल आणि रात्रभर वेळ द्या, मग उष्णता, आणि शेवटी ताकद. बोल्ट सुटला की तो काढलेल्या जागीच परत दोन आटे फिरवून ठेवायचा. जे ठेवता येत नाही ते चिठ्ठी लावलेल्या पिशवीत, चिठ्ठी आतूनही आणि बाहेरूनही. फोटो काढताना भाग जवळून आणि शेजारच्या दोन गोष्टी दिसतील असे लांबूनही घ्या. नुसत्या जवळच्या फोटोत सहा महिन्यांनी काहीच ओळखू येत नाही.

नव्यानं बनवलेल्या सुट्या भागांबद्दल मी साशंक आहे. डिस्ट्रिब्युटरचा रोटर, कंडेन्सर आणि एकूणच रबर यांचा दर्जा फार खालीवर असतो. चालणारा जुना रोटर फेकू नका, डिकीत ठेवा. नवा घातल्यावर तासाभरात गाडी बंद पडली तर आधी तो जुना परत लावून बघा. बदल करायचेच असतील तर परत फिरवता येतील असे करा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल, मूळचे पॉइंट जपून ठेवा. डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला रेडिओ मात्र कायमचा.

रंग मी शेवटी म्हटलं, कारण त्याआधी केलेला रंग पुढच्या प्रत्येक कामात ओरखडतो. तयारी घरी नक्की करता येते. उघड्या धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लागेल तिथे पातळ लांबी, मग जाड प्रायमर आणि लांब सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर. लांबी ओल शोषते, म्हणून उघड्या पत्र्यावर लावून महिनोन् महिने तशीच ठेवायची नाही. शेवटचा थर मात्र मी घरी मारू नका म्हणेन. दोन घटकांच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी कायमचा दमा होऊ शकतो आणि साधा कोळशाचा मास्क त्याला पुरेसा मानला जात नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि हवा घराकडे न जाता बाहेर जाईल अशी सोयही. तयार गाडी रंगाच्या बूथमध्ये पाठवा. आसनं, गालिचे, टप ही कामं त्यानंतरची. फारशी अवघड नाहीत, त्यांबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पहिली फेरी घराजवळ, दिवसा, बॉनेटखाली अग्निशामक नव्हे तर आसनाजवळ अग्निशामक ठेवून. आधी चालण्याच्या वेगात ब्रेक तपासा. काही किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात धरा, एकच जास्त तापला असेल तर तो ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे. परत आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा, खाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग कुठे आणि कुठल्या रंगाचे आहेत ते लिहून घ्या. हेड काढलं असेल तर थंड झाल्यावर त्याचे नट पुस्तकात दिलेल्या क्रमानं टॉर्क पान्यानं तपासा आणि व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा. इंजिन नवं केलं असेल तर पहिलं तेल पाच-सातशे किलोमीटरवरच बदला, आणि काढलेलं तेल फेकण्याआधी त्यातून चुंबक फिरवून बघा.